मदत हवी आहे: एमआयडीसीलगतच्या बोअरच्या पाण्यात धातू आहेत का, कसं तपासावं?

वैदेही_स
बोअर ६ इंची, १८० फूट. पाणी ६० फुटांवर लागतं. जवळच क्रोम प्लेटिंगचे कारखाने आहेत. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅम) ३८०. लॅबने 'पिण्यायोग्य' लिहून दिलंय, पण अहवालात पीएच, कठीणपणा, नायट्रेट, कोलिफॉर्म जिवाणू एवढंच आहे. धातूंसाठी नमुना कसा घ्यायचा? घरी आरओ आहे, तोवर तो पुरेल का?

भूजल_पाहणी
त्या अहवालावर विसंबू नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. ते दहापट झालं तरी तुमचा टीडीएस मीटर ३८०च दाखवेल.

क्रोमियम, षट्संयुजी क्रोमियम (त्याचं जास्त विषारी रूप), निकेल, कॅडमियम आणि शिसं, एवढं मागा. लॅबला आधी विचारा, किती कमी मोजता येतं? शिशाची मर्यादा ०.०१ आहे, फ्लेम एएएस या धातू मोजायच्या साध्या यंत्रावर तेवढं खाली जाता येत नाही, मग 'आढळले नाही' असा कागद हाती येतो. आयसीपी-एमएस हे जास्त बारीक मोजणारं यंत्र असलेली लॅब गाठा.

बोअरमध्ये १२० फूट पाणी, फुटाला साधारण ५.५ लिटर, म्हणजे ६६० लिटर साठा. त्याच्या तिप्पट, दोन हजार लिटर उपसून मग नमुना मोटरजवळच्या नळावर भरा, टाकीतून नको. बाटल्या लॅबच्याच घ्या, प्लास्टिकच्या. एकीत नायट्रिक ॲसिड हवं, नाहीतर धातू बाटलीला चिकटतात आणि आकडा खोटाच कमी येतो. षट्संयुजीची बाटली मात्र बिनॲसिडची, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. पाणी गढूळ असेल तर तसं लॅबला सांगा. ॲसिडमुळे गाळातले धातूही विरघळतात.

वैदेही_स
आभार! आरओला टीडीएस वाल्व आहे, चवीसाठी १४० वर ठेवलाय.

मेम्ब्रेन
ताई, तो वाल्व आजच पूर्ण बंद करा. त्यातून येणारं पाणी मेम्ब्रेनला, म्हणजे आरओच्या गाळणाऱ्या पडद्याला, लागतच नाही. मेम्ब्रेनचं पाणी ३० धरलं, तर १४० व्हायला जवळजवळ एक तृतीयांश कच्चं पाणी मिसळतंय, धातूंसकट. यूव्हीने धातू जात नाहीत, उकळल्याने उलट वाढतात. वाल्व बंद केल्यावर टीडीएस ४० च्या आसपास यायला हवा. ७०-८० राहिला तर मेम्ब्रेन बदला. मिनरल कार्ट्रिज (पाण्यात परत क्षार घालणारी नळी) असेल तर त्याच्या आधी मोजा. स्वयंपाकालाही हेच आरओचं पाणी वापरा. आणि बोअरच्या पाण्याला पिवळसर झाक दिसली, तर आरओचंही पिऊ नका; अहवाल येईपर्यंत बाहेरून आणा.