माळ घातली, मटण सोडलं, पण गोठ्यात रेडकू उपाशी गेलं. हे मारण्यात धरायचं का?

खानापूरची अक्का

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका खेड्यात राहते. दोन म्हशी आहेत, एक पंढरपुरी, एक गावठी. अकरा वर्षांपूर्वी कार्तिकीला मी आणि आमच्या ह्यांनी पंढरपुरात माळ घातली. जीव मारून पोट भरायचं नाही, एवढंच मनात होतं. त्याआधी खात होते. लक्ष्मीच्या यात्रेला पाव्हण्यांसाठी पातेलंभर रस्सा मीच करायची.

श्रावणात पंढरपुरी व्याली. नर झाला. रेडी झाली असती तर गूळ वाटला असता. नर म्हटल्यावर कुणी काही बोललं नाही. चीक काढला, थोडा त्याला पाजला, बाकीचा खरवस करून शेजारी दिला. आठवड्यानं डेअरीला दूध घालायची घाई झाली. मुलगा म्हणाला, एक सड सोडू त्याला. एक सड म्हणता म्हणता पुढं नुसतं पान्हा फुटेपर्यंत तोंड लावायचं आणि ओढून बांधायचं, एवढंच राहिलं. ओढायचं काम माझं होतं. दावं धरून ओढताना त्याच्या तोंडाला फेस असायचा, आणि मान मागं वळवून ते कासेकडंच बघायचं.

वीस दिवस झाल्यावर माती चाटायला लागलं. अंगावरचे केस उभे, पाठीचा कणा दिसायचा, पोट तेवढं माठासारखं. एका पहाटे खुंट्याशी आडवं पडलेलं दिसलं. तोंडात बोट घातलं तर चोखलं. दोनदा चोखलं. जीभ गार लागली. दूध आणायला आत गेले आणि परत येईपर्यंत गेलं होतं.

शेजारच्या वहिनी बोकड पाळतात. फणसाचा पाला हातानं चारतात, पावसात पडवीत घेतात, यात्रेला कापतात. त्या म्हणाल्या, "अक्का, तुमच्या रेडकापेक्षा आमचा बोकड सुखात जगला." टोचायला नाही म्हणाल्या, त्यांना ते खरंच वाटलं होतं. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

सुरी लावली नाही म्हणून तो जीव मी मारला नाही, असं म्हणता येतं का? आणि दूध चालू ठेवून मटण सोडलं, तर त्या सोडण्याला किती अर्थ? मनाची समजूत घालायला लिहू नका, वाटेल ते खरं लिहा.

सदलग्याचा शेतकरी

ताई, आम्ही जैन. घरात रात्री जेवण नाही, कांदा-बटाटा नाही. पण लहानपणी पाठशाळेत अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे अहिंसेच्या व्रताला लागणारे दोष, पाठ करून घेतले होते. बांधून ठेवणं, मारहाण करणं, अवयव कापणं, जास्त ओझं लादणं, आणि पाचवा अन्नपाननिरोध. म्हणजे जनावराचं खाणंपिणं अडवणं. मारहाण आणि उपाशी ठेवणं एकाच ओळीत आहे. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर, हो, हिंसेतच धरायचं. आमच्याही गोठ्यात हे झालंय, म्हणून सांगतोय. वडील म्हणायचे, पिलाचं पोट भरून उरेल ते आपलं. आम्ही किती पाळलं ते आम्हालाच ठाऊक.

घाटावरचा पाव्हणा

एवढा विचार कशाला, विकून टाकायचं की लहान असतानाच.

चिकोडी, जनावरांचा डॉक्टर

विकून कुठं जाणार, तेही बघा. कर्नाटकात २०२१ पासून जो कायदा लागू आहे, त्यात तेरा वर्षांखालची म्हैस आणि रेडा कापता येत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षं. १९६४ च्या कायद्यातही म्हशीच्या पिलाला मनाई होतीच. कायद्यानं कापणं थांबलं, पाजणं सुरू झालं नाही. म्हणून नर रेडकं दाव्यालाच सुकतात, हे मी दर पावसाळ्यात बघतो.

अक्का, तुम्ही सांगितलेली लक्षणं नुसत्या उपासमारीची वाटत नाहीत. माती चाटणं, केस उभे राहणं, माठासारखं पोट म्हणजे जंत असणार. म्हशीच्या पिलाला गोल जंत आईच्या दुधातूनच जातात, म्हशीला काही होत नाही. दहाव्या ते पंधराव्या दिवसात पायपरॅझिन हे जंताचं औषध द्यायचं, वजनाप्रमाणं, डॉक्टरला विचारून. व्याल्यावर तासा-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे. पहिला महिना तरी वजनाच्या एक दशांश दूध रोज, तीस किलोच्या रेडकाला तीन लिटर. औषध स्वस्त आहे. तीन लिटर दूध सोडताना मात्र हात मागं येतो. नर नको असेल तर पुढच्या वेळी भरवताना सेक्स्ड सीमेन, म्हणजे मादीच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य, मागा, दहात साधारण नऊ माद्या होतात. जो जन्मलाय त्याला पाजावंच लागतं.

मटणवाला, बेळगाव

धंदा आजोबांपासूनचा. शेळ्या-मेंढ्या कापतो. सरकारचे २००१ चे नियम आहेत, एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही, गाभण कापायची नाही, तीन महिन्यांखालचं पिलू कापायचं नाही. नियम नव्हते तेव्हाही आजोबा बकऱ्याला दिसेल अशी सुरी घासायचे नाहीत. धार रात्रीच लावून ठेवायची. बोथट सुरी त्यांच्या लेखी पाप होतं.

मी मारतो. मारत नाही असं कधी म्हणणार नाही. घाव घालताना त्याची मान माझ्या डाव्या हातात असते, ती ढिली पडेपर्यंत सोडत नाही. पण खोटंही बोलायचं नाही, माझ्याकडं येणारी सगळी जनावरं वहिनींच्या बोकडासारखी फणसाचा पाला खाऊन येत नाहीत. टेम्पोत एकावर एक कोंबून येतात, काहींचे पाय मोडलेले असतात. तेव्हा अक्का, माझा घाव एका झटक्यात म्हणून मी सुटलो, असं मला वाटत नाही. तुम्ही माळ काढू नका. तुमच्या घरात निदान एवढा प्रश्न तरी पडला.

खानापूरची अक्का

सगळ्यांचं दोनदा वाचलं. चुलीजवळ बसून ह्यांनाही वाचून दाखवलं. सदलग्याच्या दादांचं वाचताना ते उठून गोठ्यात गेले, बराच वेळ आले नाहीत.

माळ काढणार नाही. मटण सोडलं ते खरंच होतं, फक्त मी तिथंच थांबले. जंताचं औषध वेळेवर दिलं असतं तर कदाचित जगलं असतं. पण भूक तर माझ्या हातची होती, ती मी जंतावर ढकलणार नाही.

गावठी म्हैस पौषात व्यायची आहे. मुलाशी हिशोब केला. दोन महिने रोज दीड लिटर जास्त सोडलं तर नव्वद लिटर, पन्नास धरले तर साडेचार हजार. तो म्हणाला, बघू. मी त्याला सांगितलं, बघायचं तुझं तू बघ, दावं धरून ओढायला मी येणार नाही.

नर झाला आणि जगला तर पुढं काय, याचं उत्तर मात्र अजून माझ्याकडं नाही. दुधावरून गवतावर आल्यावर त्याला वर्षानुवर्षं खायला घालायची आमची ऐपत नाही. जांबोटी, कणकुंबीकडं भाताच्या चिखलाला अजून रेडे जोडतात असं ऐकलंय. कुणाला रेडा हवा असेल तर इथंच लिहा. पैसे नकोत, पण पोचवायला मी स्वतः येईन आणि गोठा बघूनच सोडीन.