टेस्टर लाल आणि काळ्या दोन्ही वायरवर पेटतो. फेज कोणती समजावी?

प्रश्न
आमचे घर डोंबिवलीतील जुन्या इमारतीत आहे. कालपासून बैठकीच्या खोलीतील ट्यूब आणि पंखा बंद आहेत. बोर्ड उघडून पाहिला असता लाल आणि काळ्या, दोन्ही वायरवर टेस्टर पेटतो. शेजारी एक निळी वायरही आहे. यांपैकी फेज (वीज आणणारी वायर) कोणती? तसेच, गाडीत डॅशकॅम बसवताना हाच टेस्टर चालेल का?

पहिला प्रतिसाद
दोन्हींवर टेस्टर पेटतो म्हणजे दोन्ही फेज आहेत असे नव्हे. बहुधा आपली न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) वाटेत कुठेतरी तुटलेली किंवा सैल झालेली आहे. चालू ठेवलेल्या ट्यूबमधून किंवा पंख्यातून फेजचा दाब काळ्या वायरपर्यंत येतो आणि पुढे परतीचा मार्ग नसल्याने तेथेच राहतो, म्हणून उपकरण चालत नाही, मात्र काळ्या वायरला हात लागल्यास जोरदार झटका बसू शकतो. त्या खोलीतील सर्व बटणे बंद करून, प्लग काढून पुन्हा पाहा. काळीवरचा प्रकाश गेला, तर हे निदान जवळजवळ पक्के. बटणे चालू असताना मल्टीमीटर (व्होल्ट मोजणारे यंत्र) लाल आणि काळी यांच्यात जेमतेम काही व्होल्ट, पण काळी आणि अर्थिंग यांच्यात सुमारे 230 व्होल्ट दाखवील. पुढचे काम परवानाधारक वायरमनकडे सोपवा. घरात इन्व्हर्टर असल्यास मेन स्विच बंद केल्यावरही काही वायरमध्ये वीज असते, हे त्यांना आवर्जून सांगा.

दुसरा प्रतिसाद
निळ्या वायरविषयी थोडे. आपल्याकडील जुन्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा आणि निळा हे तीन फेजचे रंग, काळा न्यूट्रलचा आणि हिरवा अर्थिंगचा. उपकरणांच्या वायरमध्ये मात्र बहुधा तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल असते. त्यामुळे मिक्सरची वायर पाहून भिंतीतील निळीला न्यूट्रल समजणारा माणूस सरळ फेजला हात घालू शकतो. शिवाय जुन्या घरांत त्या दिवशी वायरमनच्या पिशवीत जे बंडल होते, तोच रंग भिंतीत गेलेला असतो! रंग हा अंदाज समजावा. त्या वायरची वीज बंद केल्यावरही मल्टीमीटर आधी चालू असलेल्या सॉकेटवर, मग त्या वायरवर आणि शेवटी पुन्हा त्याच सॉकेटवर तपासावा, म्हणजे मीटरच बिघडल्यामुळे शून्य दिसले नाही याची खात्री होते.

तिसरा प्रतिसाद
गाडीसाठी हा टेस्टर निरुपयोगी आहे, कारण 12 व्होल्टवर त्यातील निऑन दिवा पेटतच नाही. मल्टीमीटरची काळी तार गाडीच्या बॉडीच्या रंग नसलेल्या धातूला लावा आणि फ्यूज बॉक्समध्ये चावी फिरवल्यावरच 12 व्होल्ट दाखवणारी जागा शोधा. नेहमी चालू असणाऱ्या जागेवर डॅशकॅम जोडल्यास गाडी उभी असताना बॅटरी उतरू शकते. रंगांची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, तरी पिवळ्या आवरणाच्या वायर बहुधा एअरबॅगच्या असतात आणि नारिंगी जाड केबल हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत उच्च दाबाच्या असतात. या दोन्हींना टेस्ट लॅम्प (तपासणीचा दिवा) वा मीटर लावू नये.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. प्लग काढून बटणे बंद केल्यावर काळीवरचा प्रकाश गेला. वायरमनला जंक्शन बॉक्समध्ये न्यूट्रलचा जोड जळून सुटलेला आढळला. निळी वायर जिन्यातील दोन बटणांच्या दिव्याची निघाली आणि तिच्यावर फेजच होती.