रिफंड जास्त आला म्हणून खूश व्हायचं का?

परभणीकर
आयकराचं रिटर्न भरायचे दिवस आले की आमच्याकडे शिक्षकांत एकच विषय: "तुझा रिफंड किती?" ज्याला चाळीस हजार येतात तो पेढे वाटतो. मला हे उलटं वाटतं. तो वर्षभर आपल्या पगारातून आणि ठेवीच्या व्याजातून जास्तीचा कापला गेलेला आपलाच पैसा आहे.

सरकार त्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याज देतं, पण मोजतं वर्ष संपल्यावर १ एप्रिलपासून. आधीच्या जूनमध्ये कापलेल्या रकमेवर मार्चपर्यंत काहीच नाही. रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर व्याजच मिळत नाही. तिकडे हेच शिक्षक पोरीच्या फीसाठी पतसंस्थेचं कर्ज उचलतात.

खरा फटका मात्र ज्यांना करच नाही त्यांना बसतो. गल्लीतल्या एका काकूंचे ९ लाख मुदत ठेवीत आहेत. नवऱ्यामागे तेवढीच पुंजी, वय ५६. ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ६३,०००, दुसरं उत्पन्न नाही. २०२४-२५ मध्ये साठीच्या आतल्यांसाठी कर न कापता मिळणाऱ्या व्याजाची मर्यादा ४०,००० होती, म्हणून बँकेनं १० टक्के म्हणजे ६,३०० कापले. एप्रिलमध्येच १५जी, म्हणजे "मला कर लागत नाही, कापू नका" असं बँकेला सांगणारा फॉर्म, भरून दिला असता तर एक रुपया कापला नसता. काउंटरवर कुणी सांगितलं नाही, आणि रिटर्न त्यांनी आयुष्यात भरलेलं नाही.

लातूरचा मास्तर
काकूंचं पटलं, पगारदारांचं नाही. दरमहा तीन हजार जास्त हातात आले तर ते राहणार आहेत का? लग्नसराईचे आहेर, दवाखाना, कुणाला उसने. संपले. रिफंड एकगठ्ठा येतो. माझ्या पोराच्या नीटच्या क्लासचा हप्ता त्यातूनच गेला. लातुरात क्लासची फी काय असते ते इथल्या बापाला विचारा.

परभणीकर
सर, बचतच करायची तर तीन हजारांची आरडी काढा. पहिल्या महिन्यापासून व्याज, आणि अडचणीत मोडता येते. रिफंड कधी येईल ते आपल्या हातात नसतं. खातं पडताळलेलं नसलं, जुन्या कराची मागणी निघाली, की अडकला.

लातूरचा मास्तर
मोडता येते हीच तर अडचण आहे. मोडता येणारी बचत आमच्या घरात टिकत नाही.

जालना लिपिक
जास्त कापलं की शिव्या आम्हाला, म्हणून लिहितो. मी पगार बिलं करतो. डिसेंबरात परिपत्रक काढतो, जानेवारीत पुन्हा आठवण देतो. तरी एलआयसीच्या पावत्या आणि गृहकर्जाचा दाखला येतो फेब्रुवारीचं बिल कोषागारात गेल्यावर. कमी कापलं तर त्याचं व्याज कार्यालयाच्या माथी बसतं. मग कापणारच.

दुसरं, २०२३-२४ पासून नवीन करप्रणाली (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) आपोआप लागते. ज्यानं काहीच कळवलं नाही त्याला आम्ही तीच लावतो. घराचं मोठं व्याज भरत असाल आणि जुनी परवडत असेल तर एप्रिलमध्ये लेखी द्या. रिटर्न भरताना बदलता येते हे खरं, पण तोवर कपात झालेली असते.

बीड वाहतूकवाला
सगळं पगारदारांचंच चाललंय. आम्ही ट्रकनं कारखान्याला ऊस टाकतो. बिलातून १ टक्का कपात होते, पॅन दिला नसेल तर २० टक्के. दहा किंवा त्याहून कमी गाड्या असल्याचं लेखी आणि पॅन दिला की काहीच कापायचं नसतं, ही तरतूद कायद्यातच आहे. फडावरच्या कितीतरी लोकांना ती माहीत नाही. हंगाम सुरू व्हायच्या आधीच कागद देऊन टाका.

नांदेडची करसल्लागार
मूळ मताला माझा विरोध आहे. रिफंड शून्य करायच्या मागे लागून लोक कमी कर भरतात आणि अडकतात. सरकार देतं महिन्याला अर्धा टक्का, घेतं एक टक्का. कपात वजा जाऊन १०,००० किंवा जास्त कर राहत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. पगाराबरोबर क्लास घेणाऱ्यांनी किंवा शेअर विकणाऱ्यांनी थोडं जास्तच कापू द्यावं.

काकूंना सांगा, कापलेले पैसे रिटर्न भरून परत मिळतात, आणि वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३१ डिसेंबरपर्यंत (२०२४-२५ साठी ३१ डिसेंबर २०२५) उशिराचं रिटर्न चालतं. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असल्यानं विलंब शुल्कही नाही. भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) करायला विसरू नका. आता मर्यादा ५०,००० झाली आहे, पण त्यांचं व्याज तिच्याही वर जातं, म्हणून कर कापू नये असा फॉर्म दर एप्रिलला द्यायचाच. २०२५-२६ पर्यंत तो साठीच्या आत १५जी आणि साठीनंतर १५एच होता. ज्येष्ठांना मर्यादा १ लाख.

आणि "मोठा रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के द्या" म्हणणाऱ्यांना दारात उभं करू नका. न दिलेली देणगी, न भरलेलं घरभाडं दाखवतात. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागानं अशा टोळ्यांवर देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली. खोटी माहिती दिल्याचा दंड चुकवलेल्या कराच्या दुप्पट आहे, आणि तो एजंट भरत नाही. रिटर्न तुमच्या नावावर असतं.

परभणीकर
एजंटांबद्दल शंभर टक्के. पण थोडं जास्त कापू द्या हा सल्ला एकाच पगारावर जगणाऱ्यालाही का? त्याचा हिशोब एप्रिलमध्येच मांडता येतो.

नांदेडची करसल्लागार
मांडता येतो, पण मधेच थकबाकी मिळाली की तो कोलमडतो.

लातूरचा मास्तर
आमच्याकडे तेच झालंय. सातव्या वेतन आयोगाचा राहिलेला हप्ता एकदम मिळाला आणि कर फुगला. काही करता येतं का?

नांदेडची करसल्लागार
येतं. फरक ज्या वर्षांचा आहे त्या वर्षांत मोजून करात सूट मिळते (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८९). पण त्याचा फॉर्म (२०२५-२६ पर्यंत १०ई) आयकर पोर्टलवर आधी भरा, रिटर्न नंतर. उलटं केलं की सूट नाकारून मागणीची नोटीस येते. कार्यालयाकडून वर्षवार फरकाचा तक्ता घ्या.

जालना लिपिक
तक्ता मागायला या, सर, पण पगार बिलाच्या आठवड्यात नको. दहा तारखेनंतर कधीही.