ब्लाउज कटिंगचा झूम क्लास : वरून वेबकॅम लावलाय, पण खडूची रेघच दिसत नाही

वडगावची_शिवणवाली

नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावला माझा शिवणक्लास आहे. घरी येणाऱ्या मुली आहेतच, पण लग्न होऊन चंदगड, गडहिंग्लज, पुण्याकडे गेलेल्या काहीजणी मागे लागल्या की काकू, झूमवर शिकवा. दोघी-तिघी चिकोडीकडच्या आहेत, त्यांना कन्नडमधून सांगते, त्याचं काही अडत नाही. अडतंय ते कॅमेऱ्यापाशी.

लॅपटॉपचा कॅमेरा माझं तोंड दाखवतो. माझं तोंड बघून मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईचा, आकार कुणाला कळणार? म्हणून खडे बाजारातून वेगळा वेबकॅम आणला, १०८०पी, ऑटोफोकसवाला. मुलाने कटिंगच्या टेबलाला लोखंडी पट्टी ठोकून त्यावर तो बसवून दिला, अडीच फुटांवरून सरळ खाली बघतो.

आता गंमत बघा. कात्री घेऊन हात आत गेला की चित्र धूसर. हात थांबला की हळूहळू स्पष्ट होतं, परत हलला की परत धूसर. पांढऱ्या अस्तरावर निळ्या खडूने कटोरी आखली तर मुली म्हणतात, काकू, नुसतं पांढरंफटक दिसतंय. टेबलाचा सनमायका गडद चॉकलेटी आहे. मरून खण टाकला की खण छान दिसतो, पण माझे हात आणि टेप भाजल्यासारखे पांढरे. ट्यूब लावली की आडवे पट्टे सरकत राहतात. वर टेपवरचे आकडे मला स्क्रीनवर उलटे दिसतात. मुलींनाही तसंच दिसत असेल तर पुढचा भाग उलट्या बाजूचा कापून बसतील. कापड काय फुकट येतं का?

दुकानदार म्हणतो, फोर-के घ्या, याहून बारीक चित्र देणारा. घेऊ का?

हिंडलगा_वायरमन

काकू, फोर-के अजिबात घेऊ नका. झूम फोर-के पाठवतच नाही, आणि तुमच्या मुली बघणार मोबाईलवर. आहे तो कॅमेरा चांगला आहे, त्याला फक्त स्वतःचं डोकं चालवू द्यायचं नाही.

मी सीसीटीव्ही बसवतो, त्यामुळे ही भानगड रोजची. ऑटोफोकस म्हणजे कॅमेरा सारखा शोधत असतो की जवळचं काय आहे. हात आला की हातावर जातो, हात गेला की कापडावर. तुमचं टेबल काय उठून चालायला लागणार नाही, मग अंतर एकदाच ठरवून कुलूप लावायचं. झूममध्ये ती सोय नाही. ओबीएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते टाका. त्यात 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस' म्हणून तुमचा वेबकॅम घ्या, मग 'कॉन्फिगर व्हिडिओ' दाबा. विंडोजची एक जुनाट दिसणारी खिडकी उघडते. तिथे 'कॅमेरा कंट्रोल'मध्ये फोकससमोरची 'ऑटो'ची खूण काढा आणि टेपवरचे बारीक आकडे वाचता येईपर्यंत पट्टी सरकवा. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड आत घेतो ते, त्याचंही 'ऑटो' काढा. पांढरं अस्तर टेबलावर ठेवूनच ती पट्टी सरकवून उजेड कमी करत या, निळी रेघ उमटली की थांबा.

रेघ का जाते ते सांगतो बगा. चित्रात बहुतेक भाग चॉकलेटी सनमायका. कॅमेऱ्याला वाटतं खोलीत अंधार आहे, तो उजेड वाढवतो, त्यात अस्तर जळून जातं आणि खडूही त्याबरोबर. मरून खणाला हातांचं तेच होतं. टेबलावर एक फिक्कट खाकी नाहीतर राखाडी कापड ताणून पिना मारा. पांढरं आणि गडद दोन्ही त्यावर उठून दिसतं.

पट्ट्यांचं कारण वेगळं. आपली वीज ५० हर्ट्झची, चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. कॅमेरा अमेरिकेच्या ६० हर्ट्झवर असला की पट्टे दिसतात. त्याच खिडकीत शेजारी 'पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी' आहे, तिथे ५० करा.

एक लक्षात ठेवा, ओबीएसने कॅमेरा धरलेला असताना तोच कॅमेरा झूमला बहुतेक मिळत नाही. ओबीएसमधलं 'स्टार्ट व्हर्च्युअल कॅमेरा' दाबा आणि झूममध्ये कॅमेरा म्हणून ते निवडा.

निपाणीच्या_बाई

ताई, उलट्या आकड्यांची काळजी सोडा. झूम तुम्हाला आरसा दाखवतं, समोरच्यांना सरळच दिसतं. तरी हात उलटे चालताना आपल्यालाच गोंधळायला होतं, म्हणून झूमच्या व्हिडिओ सेटिंगमधलं 'मिरर माय व्हिडिओ' बंद करून टाका. कॅमेरा टेबलाच्या पलीकडून लावला असेल आणि सगळं डोक्यावर उभं दिसत असेल, तर तिथेच चित्रावर माउस नेला की फिरवायचं बटण येतं. दोनदा दाबा.

मी गणित शिकवते, वहीवर वरून कॅमेरा. मी तोंड आणि वही दोन्ही दाखवते. शेअर स्क्रीन, मग 'अ‍ॅडव्हान्स्ड', त्यात 'कंटेंट फ्रॉम सेकंड कॅमेरा'. लॅपटॉपचा कॅमेरा तोंडावर राहतो आणि वही मोठ्या चौकटीत जाते. मुली मोबाईलवर असतील तर याचा फार उपयोग, नाहीतर त्या बिचाऱ्या नखाएवढ्या चौकटीत मुंढा शोधत बसतील.

मागे खोटं चित्र लावण्याचा मोह टाळा. व्हर्च्युअल बॅकग्राउंड कापडाचे काठ खातं, कात्रीचं टोक तर पहिलं गायब.

वेबकॅम लावला की झूम कधी कधी आवाजही त्याच्याच माइकवरून घ्यायला लागतं. तो टेबलावर लोंबकळतोय, म्हणजे तुमच्यापेक्षा कात्रीचा आवाज मोठा. माइक वेगळा निवडा, साधा वायरचा कॉलर माइक पुरतो.

शहापूर_पेठ

एवढी खटपट कशाला? मोबाईलचा मागचा कॅमेरा कुठल्याही वेबकॅमपेक्षा बरा. पट्टीला मोबाईल बांधा, त्याच मीटिंगला मोबाईलवरूनही जॉइन व्हा. झालं काम. फक्त मोबाईलवर ऑडिओ जोडूच नका, नाहीतर दोन्ही यंत्रं एकमेकांना ओरडायला लागतील.

हिंडलगा_वायरमन

@शहापूर_पेठ चालतं की ओ, पण क्लासच्या मध्ये नणंदेचा फोन आला की काय करणार? फोन वापरायचाच तर जुना, सिम काढलेला, वायफायवर ठेवा. चार्जरला लावून तासभर व्हिडिओ चालवला की तापतो पण.

वडगावची_शिवणवाली

मुलाकडून ओबीएस टाकून घेतलं. फोकस पक्का झाला, आता कात्री चालताना टेपवरची अर्ध्या इंचाची रेघही धूसर होत नाही. राखाडी कापड नव्हतं, पण पडद्याचं उरलेलं खाकी होतं, ते ताणलं. निळा खडू दिसतो. गुलाबी अजून फिक्का वाटतो, तर अस्तराला निळाच वापरणार. बाईंची दुसऱ्या कॅमेऱ्याची युक्ती तर मुलींना फारच आवडली.

दोन गोष्टी राहिल्या. दिवा माझ्या पाठीमागे आहे, वाकले की माझीच सावली नेमकी गळ्यावर पडते. आणि आमच्याकडे पावसाळ्यात दुपारी दोनलाही अंधारून येतं, त्यात लाईट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण वायफाय बंद पडतं. मोबाईलच्या नेटवर घेतलं तर चित्र चौकोन चौकोन होतं.

हिंडलगा_वायरमन

पाठीमागचा दिवा बंद. टेबलाच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन सारखे एलईडी तिरपे लावा, साधारण ४५ अंशात. एकाची सावली दुसरा पुसतो. दिवे लावून झाले की एक्स्पोजर परत एकदा बघा, उजेड बदलला की जुना आकडा कामाचा नाही.

मोबाईलच्या नेटवर असताना झूमच्या व्हिडिओ सेटिंगमधली 'एचडी'ची खूण काढा आणि मुलींना सांगा, स्वतःचे कॅमेरे बंद ठेवा. तुमचं चित्र वर चढायला अपलोड लागतो. स्पीड टेस्ट करताना डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका, अपलोडचा बघा.

वायफायसाठी मोठा इन्व्हर्टर नको. राऊटरचा छोटा यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, मिळतो; राऊटर आणि फायबरचा डबा वेगळे असतील तर दोन्हीला वीज द्यावी लागेल. घेण्याआधी अडॅप्टरवर काय लिहिलंय ते बघा. बरेचसे १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. पिनही तीच बसते का बघून घ्या, फोटो टाकलात तर सांगतो.