वाड्यात बँडचं सेशन शूट केलं, चित्र झकास पण आवाज विहिरीतला. काय करू?

माडीवाला_बडोदा
नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारात आजोबांचा जुना वाडा आहे, माडीवरची खोली साधारण १४ बाय १८ फूट, वर लाकडी तुळया, खाली गुळगुळीत फरशी, दोन मोठ्या खिडक्या आणि दुपारी उजेड असा येतो की लाइट लावावेसे वाटत नाहीत. तर म्हटलं इथे बँड बसवायचे, समोर वीसेक माणसं सतरंजीवर, आणि तीन-चार गाणी न थांबता शूट करायची. आपल्याकडे गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे पब नाहीत, त्यामुळे मुंबई-पुण्याचे छोटे बँड बडोद्यात उतरायला फारसं कारणच नाही, अहमदाबादला वाजवायला जाताना आपल्याच स्टेशनवरून जातात मात्र. त्यांना तीन-चार तास उतरवून घ्यायचं, एवढाच प्लॅन.

गेल्या रविवारी पहिलं केलं. इथलीच कॉलेजची पोरं, दोन गिटार, काहोन (बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका), एक गाणारी मुलगी, सगळं एका स्पीकरवर. आवाज सगळा घुमलाय, शिवाय दुसऱ्या गाण्यात ती नेमकी हळू गाते तिथे शेजारच्या काकूंच्या कुकरच्या तीन शिट्ट्या. एका कॅमेऱ्यात ट्यूबलाइट पण लपलपते. हातात ३० हजार आहेत, नवी लेन्स घेऊ का माइक? आणि बँडला पैसे किती द्यायचे असतात?

खर्जातला
लेन्सचं नाव काढू नकोस बाबा. आणि माइकच्या पण आधी तो स्पीकर खोलीतून बाहेर काढ, घुमण्याचं अर्धं कारण तोच आहे. २००८ मध्ये अमेरिकेत एनपीआर रेडिओच्या ऑफिसात टायनी डेस्क ही छोट्या मैफलींची व्हिडिओ मालिका सुरू झाली ती याच वैतागातून, एका बारमध्ये गोंगाटामुळे गाणारी ऐकूच येईना म्हणून तिला म्हणाले आमच्या टेबलापाशी येऊन गा. तिथे आजही गाणाऱ्याचा आवाज खोलीत मोठा करत नाहीत, माइक असतो तो फक्त रेकॉर्डिंगला. त्यामुळे ड्रमवाला आपोआप हळू वाजवतो, नाहीतर त्याला स्वतःचीच गायिका ऐकू येत नाही. हे बंधन फार कामाचं आहे.

मग खोली. मधोमध उभा राहून एक टाळी वाजव, मागून टर्रर्र असं आलं की समज समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकतायत. सतरंजीने काही होत नाही, ती पातळ. घरातल्या गाद्या आणि गोधड्या काढ, फ्रेमच्या बाहेरच्या भिंतींना उभ्या कर, कोपरे आधी भर. माणसं बसली की अजून फरक पडतो, त्यामुळे साउंडचेक रिकाम्या खोलीत करून खूश होऊ नकोस.

पैसे जास्त इनपुटच्या (एकावेळी बरेच माइक लावता येतील अशा) रेकॉर्डरवर घाल, वापरलेला चालेल. गायिकेला साधा डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटांवर, गिटार लाइनने (वायरने) थेट, आणि दोन सारखे कंडेन्सर (जास्त संवेदनशील) माइक समोर, मध्ये १७ सेंटीमीटर अंतर आणि ११० अंशाचा कोन, खोली ऐकायला. रेकॉर्डरचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास, लाल दिव्याशी खेळू नकोस. सगळं चालू झाल्यावर कॅमेऱ्यांसमोर एक टाळी, चित्र-आवाजाच्या जुळवणीला तीच लागते. प्रत्येक गाण्याआधी परत वाजव, कारण कॅमेरा आणि रेकॉर्डरचं घड्याळ तासाभरात थोडं सरकतंच.

शटरवाली
लपलपण्याचं सांगते. आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणजे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. तुझा तो कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० शटरवर असणार, ते ट्यूबच्या लयीत बसत नाही, पैज लाव. दोन्ही कॅमेरे २५ फ्रेम आणि १/५० वर आण, व्हाइट बॅलन्स (रंगांचं सेटिंग) लॉक कर, किंवा सरळ ट्यूब बंद, इतका उजेड येतो म्हणतोस तर हवी कशाला ती? ढग आला तर येऊ दे. पंखा पण बंद हं. मे महिन्यात करू नकोस मात्र, लोक घामाने वारा घालायला लागतात आणि ते कागद माइकवर ऐकू येतात (अनुभव).

बेस_घेऊन_फिरणारा
बँडच्या बाजूने दोन शब्द, म्हणजे दोनपेक्षा जास्त. पैसे नसतील तर पहिल्याच फोनवर तसं सांग आणि कृपा करून ‘एक्सपोजर मिळेल’ म्हणू नकोस. भाडं, जेवण, परतीच्या ट्रेनपर्यंत सोडणं आणि सगळ्या ट्रॅकची कॉपी, एवढ्यावर आमच्यासारखे बरेच हो म्हणतील. एका गावात आमचं असंच सेशन झालं, व्हिडिओ आठ महिन्यांनी आला आणि त्यात बँडचं नाव चुकीचं.

एक कागद सही करून घे. आपल्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्याचाही हक्क असतो, ५० वर्षांचा, त्यामुळे कुठे टाकणार, जाहिरातीचे पैसे आले तर कोणाचे, हे आधीच लिही. पहिली काही सेशन स्वतःची गाणीच घे, सिनेमाचं गाणं वाजवलं की त्याच्या मालकाचा दावा येतो आणि कमाई त्याच्याकडे जाते.

आणि जिना किती रुंद आहे ते विचारायचं राहिलं. वाड्याचे जिने मला माहीत आहेत, ड्रमकिट वर जात नाही. अजून एक, आम्हाला सेव उसळ खायला नक्की ने, पण गाण्यानंतर. आधी नेलंस तर गाणारा दिवसभर खाकरत बसतो.

सूरसागरची_मावशी
अरे बाळा, फार छान करतोयस. १८८६ मध्ये मौलाबक्षांनी संगीतशाळा काढली ते हेच गाव, फैयाज खाँसाहेब इथलेच दरबारी गवई, चार भिंतीत जवळ बसून गाणं ऐकणं आपल्याला कोणी शिकवायला नको. पण शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगितलंस का? नुसतं ‘आवाज करू नका’ नाही रे, या म्हणायचं. कुकरवाली समोर सतरंजीवर बसली की कुकर कोण लावणार? उत्तरायणला (संक्रांतीच्या पतंगांना) आणि नवरात्रात मात्र विसर, गच्चीवरच्या स्पीकरपुढे तुझ्या गोधड्या काय करणार.

माडीवाला_बडोदा
सगळ्यांचे खूप आभार. जिना पावणेतीन फूट आहे, म्हणजे काहोनच. आज अकरा गोधड्या आणि चार गाद्या लावून टाळी वाजवली, टर्रर्र गेलं, आता नुसतं टप्प येतं. १/६० च होतं, शटरवाली पैज जिंकली. काकूंकडे जाऊन आलो, येते म्हणाल्या, पण गुडघ्यामुळे खाली बसवत नाही, पुढच्या रांगेत खुर्ची पाहिजे. घरात एकच खुर्ची आहे आणि ती करकरते. तेल घालून बघतोय.