ख्रिस्ती निवासी व्यसनमुक्ती केंद्र : नेण्याआधी काय विचारावं?

वाटसरू
बायबलवर आधारलेल्या निवासी केंद्रांतले कार्यक्रम बहुधा वर्षभराचे असतात. रोज दारू लागते आणि सोबत हेरॉइनही चालू आहे, अशा माणसाला थेट तिथे नेलं तर चालतं का? त्याची चालू औषधं असतील तर? आणि महिन्याभरात अंगातून नशा निघते, तर मग वर्ष कशाला?

शेवंती
थेट नेऊ नका. दोन्ही असतील तर आधी धास्ती दारूची घ्यायची.

हेरॉइनची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास, शेवटच्या डोसनंतर ८ ते २४ तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते आणि आठवडाभरात ओसरते. हाल फार होतात, पण उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी जाऊ दिलं नाही, तर धडधाकट माणूस सहसा निभावतो. दारूचं तसं नाही. सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो. पहिल्या ४८ तासांत झटके येऊ शकतात. त्यानंतरच्या दोन दिवसांत काहींना भ्रम होतो: ताप, धावती नाडी, अंगावर किडे चालल्याचा भास. यात उपचाराविना माणूस दगावतो.

आधी कधी झटके आले असतील, उठल्याउठल्या दारू लागत असेल किंवा झोपेच्या गोळ्यांचीही सवय असेल, तर दारू रुग्णालयातच सोडवायची. तिथे डायझेपामसारखं औषध देऊन पाच-सात दिवसांत डोस उतरवत नेतात. थायमिनही (ब१ जीवनसत्त्व) टोचतात, आणि त्यासाठी ग्लुकोज संपायची वाट पाहत नाहीत. थायमिन नसलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

केंद्रातला कुणी रात्रभर उशाशी बसून प्रार्थना करतो, ही सोबत फार मोलाची आहे. पण झटका आला तर तो थांबवायचं औषध त्याच्याकडे नसतं.

उंबरठा
वर्ष लागतं ते नशा निघायला नाही, जगण्याची घडी बसायला. १९५८ साली डेव्हिड विल्करसन यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये टीन चॅलेंज हे ख्रिस्ती व्यसनमुक्तीचं काम सुरू केलं. पहाटे उठणं, उपासना, बायबलचा वर्ग, अंगमेहनत, सुरुवातीला फोन बंद, ही चाकोरी तिथे आहे तशी इतरत्रही दिसते. इटलीतल्या सालुत्सोला १९८३ मध्ये सिस्टर एल्विरा यांनी उभ्या केलेल्या चेनाकोलो या निवासी समुदायाची एक पद्धत मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. नव्या माणसामागे एक जुना रहिवासी 'रक्षक देवदूत' म्हणून सावलीसारखा राहतो. तलफ आल्यावर बोलायला समोर तोच असतो, कारण त्यानंही ती सोसलेली असते.

हे बिघडतं कुठे? येऊन दोनच महिने झालेल्या माणसाला चर्चच्या मंडळीसमोर साक्ष द्यायला उभं केलं की बिघडतं. 'मी मुक्त झालो' असं सगळ्यांसमोर म्हटल्यावर पुढच्या आठवड्यात तलफ आली तर ती कुणाला सांगणार? ती लपते, आणि लपलेली तलफ केंद्राच्या दाराबाहेर घेऊन जाते. तलफ म्हणजे श्रद्धा कमी पडल्याची खूण, असं शिकवणाऱ्या केंद्रापासून लांब राहा. दिवसभर नुसतं काम आणि समुपदेशनाला वेळ नाही, तिथूनही.

वाटसरू
आणि औषधांचं?

शेवंती
हे लेखी विचारा. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही हेरॉइनच्या व्यसनावर डॉक्टर देतात ती औषधं. ती म्हणजे एका नशेऐवजी दुसरी नशा, असं मानून बरीच ख्रिस्ती केंद्रं ती चालू देत नाहीत. ही दोन्ही औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. प्रवेशासाठी म्हणून ती एका दिवसात तोडू नका. फिटची गोळी, लिथियम, मानसिक आजाराची औषधं यांना तर हात लावायचाच नाही. तिथे चालत नसतील तर दुसरं केंद्र बघा.

उंबरठा
एक प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत: नियम मोडला म्हणून काढून टाकलं, तर त्या रात्री काय करता? काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर पडून माणूस जुनाच डोस घेतो आणि श्वास थांबतो. म्हणून फाटक उघडण्याआधी घरी फोन गेला पाहिजे आणि घरच्यांकडे नॅलोक्सोन, म्हणजे हेरॉइनचा असर उतरवून श्वास परत आणणारं औषध, असलं पाहिजे. त्याचा असर साधारण ३० ते ९० मिनिटं टिकतो, हेरॉइनचा त्याहून जास्त टिकू शकतो. तेव्हा माणूस उठून बसला तरी त्याला रुग्णालयात न्यायचंच.