जीव वाचवून आलेल्या परदेशी बाईला वकील मिळावा का?

कोर्टनाका_ठाणे (धागाकर्ती)

मी ठाण्यात फौजदारी वकिली करते. बेकायदा राहणाऱ्या बांगलादेशी बायकांच्या केसेस अधूनमधून येतात. जबाबात एक वाक्य हमखास असतं: "मोलमजुरीकरिता भारतात आले." मागच्या वर्षी नवी मुंबईतल्या एका प्रकरणात बाईने मला वेगळंच सांगितलं. नवरा वारल्यावर दिराशी निकाह लावायचा घाट घातला होता, तिने नकार दिला तेव्हा तोंडावर ॲसिड टाकायची धमकी मिळाली. जबाब घेताना हे का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, "कुणी विचारलंच नाही. काय काम करतेस एवढंच विचारलं." जबाब हिंदीत घेतला होता. तिला मोडकंतोडकं हिंदी येतं, म्हणून दुभाषी नाही.

त्या एका वाक्याने काय होतं ते सांगते. निर्वासितांच्या १९५१ च्या करारावर भारताची सही नाही. पण गृहमंत्रालयाने २०११ मध्ये कार्यपद्धती काढली. छळाची भीती सकृतदर्शनी खरी वाटली, तर दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी शिफारस करता येते. छळाच्या कारणांत वंश, धर्म यांच्यासोबत 'लिंग' स्पष्ट लिहिलंय. मूळ करारात ते नाही! त्याच कार्यपद्धतीत, निव्वळ पोटासाठी आलेल्यांना ही सवलत नाही असंही आहे. म्हणजे 'मोलमजुरी' लिहिलं की दार बंद.

माझं मागणं एवढंच: परत पाठवण्याआधी तिच्या भाषेत, बाई दुभाष्यासमोर विचारा आणि वकील द्या. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ मध्ये मोफत मदतीसाठी 'स्त्री' म्हटलंय, 'भारतीय स्त्री' नाही.

घणसोलीकर

ताई, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण माझा ठाम विरोध आहे. हा प्रश्न विचारला जातो हे कळलं की आठ दिवसांत एजंट प्रत्येकीला दिराची गोष्ट पाठ करून देतील. बनावट आधार काढून देणारे हे करणार नाहीत? शिवाय ॲसिडहल्ल्याविरुद्ध बांगलादेशात २००२ पासून कडक कायदा आहे, फाशीपर्यंत शिक्षा आहे. तिने तिथल्या पोलिसांकडे जावं. आपल्या दिवा-मुंब्र्यातल्या बायका पोटगीच्या तारखांना वर्षानुवर्षं खेटे घालतायत. आधी त्यांचं बघा.

कोर्टनाका_ठाणे

कायदा आहे आणि संरक्षण मिळतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दादा. १९९९ मध्ये ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) दोन पाकिस्तानी बायकांचा खटला आला. व्यभिचाराचा आळ घेऊन नवऱ्यांनी घराबाहेर काढलं होतं. मारणारा नवरा असला तरी सरकार वाचवत नसेल तर तो छळच, आणि पाकिस्तानातल्या स्त्रिया हा करारात म्हटलेला एक 'विशिष्ट सामाजिक गट' ठरू शकतो, असं तिथे ठरलं. करारात स्त्री हा शब्द नसताना वकिलांनी ही वाट काढली.

खोटं बोलणाऱ्या असतीलच. हुंड्याच्या तक्रारींतही असतात, म्हणून आपण तक्रार घेणं थांबवतो का? पारखायचं कसं, हे तर आपलं रोजचं काम आहे.

खारघर_से१२

मी बरीच वर्षं अमेरिकेत होतो. कोर्टाच्या वाटेने हे आणलं तर टिकत नाही. १९९६ मध्ये जननांग छाटण्याच्या प्रथेतून पळालेल्या टोगोच्या मुलीला तिथे आश्रय मिळाला, मोठा निकाल होता. २०१४ मध्ये घरगुती हिंसेचाही दावा मान्य झाला. २०१८ मध्ये ॲटर्नी जनरलने, म्हणजे तिथल्या न्यायमंत्र्याने, तो फिरवला, २०२१ मध्ये पुढच्या सरकारातल्या ॲटर्नी जनरलने पुन्हा उलटा फिरवला. बाई तीच, जखमा त्याच, उत्तर मात्र सरकारागणिक वेगळं. कायदा संसदेनेच करावा. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये आश्रयाबाबत खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. वकिलांनी त्यासाठी जोर लावावा.

वाशी_दुभाषी

मी बांगला-मराठी-हिंदी दुभाष्याचं काम करते, म्हणून थोडं लांबण लावते. या बायका तारखा सांगत नाहीत. "कुर्बानीच्या ईदेनंतर", "धाकटा रांगत होता तेव्हा" असं सांगतात. लिहिणारा त्याचा महिना करतो, दुसऱ्या जबाबात दुसराच महिना येतो आणि बाई खोटारडी ठरते. पुरुष समोर असला की बलात्काराला "त्रास दिला" म्हणतात. लिहिणारा तेवढंच लिहितो.

पण वकिलांबद्दलही तक्रार आहे. दावा भक्कम व्हावा म्हणून ते बाईला अगदी गरीब गाय करून उभी करतात आणि तिचा सगळा मुलूख रानटी ठरवतात. शिकलेली, कमावती, भांडून निघालेली बाई मग कुणाला 'पीडित' वाटत नाही.

कोर्टनाका_ठाणे

हे अगदी खरं आहे. म्हणून मला युरोपीय संघाच्या न्यायालयाचा ऑक्टोबर २०२४ चा निकाल महत्त्वाचा वाटतो. अफगाण बाईच्या बाबतीत ती स्त्री आहे आणि अफगाण आहे एवढं पुरे मानता येतं, स्वतंत्रपणे तिच्यावर काय गुदरलं ते सिद्ध करायला लावायची गरज नाही, असं त्यांनी म्हटलं. सगळ्या देशांना हे लागू होणार नाही, तालिबानची राजवट वेगळी आहे.

घणसोलीकर

दुभाषी द्या, त्याला माझी हरकत नाही. जबाब नीट लिहिला गेलाच पाहिजे. पण चौकशी चालू आहे म्हणून बाहेर सोडायचं नाही. सोडलेली माणसं पुन्हा सापडत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे.

कोर्टनाका_ठाणे

लहान मूल कडेवर असलेल्या बाईला कोठडीत ठेवायला माझा विरोध राहील. महिलागृहात ठेवा, हजेरी लावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दुभाष्यांच्या यादीसाठी अर्ज करतेय. बांगला येणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतल्या बायकांनी मला निरोप टाका.